जुगाराचा कायदा : गुन्हा कोण ठरवतो, शिक्षा कोण भोगतो?

(लखनौच्या गोमती नगरात मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय कळवला तेव्हा काही साथींनी विचारले की, महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, खासगीकरण असे प्रश्न दारात उभे असताना जुगाराच्या कायद्यावर अख्खे सत्र कशासाठी? जुगार हे व्यसन आहे, व्यसन वाईट आहे, त्याला बंदी असावी. यात अभ्यास करण्यासारखे काय आहे?

अभ्यास करण्यासारखे पुष्कळ आहे. एखादे कृत्य गुन्हा ठरवणे आणि त्याला किती शिक्षा द्यायची हे सांगणे, हा राज्यसंस्थेच्या हातातील सर्वांत धारदार अधिकार असतो. तो अधिकार कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध वापरला जातो, हे चोरी किंवा खून यांच्या कायद्यात सहजासहजी दिसत नाही, कारण चोरी आणि खून सर्वांनाच वाईट वाटतात. जुगाराच्या कायद्यात मात्र ते स्वच्छ दिसते. तेच पत्ते, तीच पैज, तोच पैसा. एका जागी तो गुन्हा, दुसऱ्या जागी परवानाधारक धंदा आणि तिसऱ्या जागी तर सरकारचे स्वतःचे उत्पन्न. ही रेषा कोण आखतो, एवढाच आज आपला प्रश्न आहे.

लखनौ आणि नागपूर : एकच कायदा

येथे बसलेल्यांपैकी कोणी विटा-खानापूरकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेले आहेत, कोणी रेल्वेत आहेत, काहींच्या घराण्यांना उत्तरेत येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या. विदर्भातून आलेल्या साथींना कदाचित ठाऊक नसेल की जुगाराच्या बाबतीत त्यांचे पूर्वज आणि लखनौची प्रजा एकाच कायद्याखाली होती. इंग्रजांनी अवध खालसा केले १८५६ साली. पुढच्याच वर्षी उठाव झाला. तो चिरडल्यावर, अवध खालसा केल्याला जेमतेम अकरा वर्षे होत असताना, १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आला. वायव्य प्रांत, पंजाब, अवध आणि मध्य प्रांत हे मुलूख त्याच्या कक्षेत होते. मध्य प्रांत म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा. पुढे मुंबईचा वेगळा कायदा साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला आणि विदर्भ त्यातून सुटला. उत्तर प्रदेशात मात्र १८६७ चा कायदा वेळोवेळीच्या दुरुस्त्यांसह चालूच राहिला. येथल्या पोलीस ठाण्यांत ‘तेरह जी ॲक्ट’ हा शब्द रोज उच्चारला जातो, तो याच कायद्याच्या तेराव्या कलमाचा.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. मूळ मजकुरात शिक्षा फार मोठ्या नाहीत. अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अड्ड्यावर खेळताना सापडलेल्याला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद, रस्त्यावर खेळणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद. अड्ड्याच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा सापडला तर दुप्पट. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतात. १८६७ साली पन्नास रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई होती.

पण खरी मेख शिक्षेच्या आकड्यात नाही. ती पुराव्याच्या कलमांत आहे. फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्व असे की आरोप करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करावा. येथे ते उलटे केले. झडतीत पत्ते, फासे किंवा सोंगट्या सापडल्या की ते घर जुगाराचा अड्डा असल्याचा तो पुरावाच मानायचा. आत खेळ चालू असताना जो कोणी तेथे सापडेल तो खेळण्यासाठीच आला होता असे गृहीत धरायचे. तसे नसेल तर ते त्याने सिद्ध करावे. रस्त्यावरच्या खेळाबाबत तर पोलिसाला वॉरंटाचीही गरज नाही. आणि वसूल झालेल्या दंडातला काही भाग खबऱ्याला बक्षीस म्हणून देण्याची सोय कायद्यातच करून ठेवलेली आहे! म्हणजे अटक करणाऱ्या यंत्रणेला पुराव्याची चिंता नाही आणि बातमी देणाऱ्याला पैशाची आशा आहे. हप्त्याची पद्धत कुठून आली असे लोक विचारतात, त्याचे अर्धे उत्तर येथे आहे.

तेराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. रस्त्यावर पक्षी किंवा जनावरे झुंजवणे हाही त्यात गुन्हा आहे. लखनौ हे कोंबड्यांच्या आणि बटेरांच्या झुंजींचे शहर. प्राण्यांवरील क्रौर्य थांबावे यात वाद नाही. पण इंग्रज साहेब घोड्यावर बसून रानडुकरे भाल्याने टोचत होता, तो मात्र खेळ होता, शर्यतीच्या घोड्यावर पैसे लावत होता ते सभ्य मनोरंजन होते.

पाचशे रुपयांचा घोडा

हे केवळ टोमणा म्हणून बोलत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे तिसावे कलम सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे, त्याच्या पैशासाठी दावा चालणार नाही. त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे : घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायचे बक्षीस पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर त्यासाठी गोळा केलेली वर्गणी बेकायदा ठरणार नाही. पाचशेच का? पन्नास का नाही? कारण पन्नासाची शर्यत गावजत्रेतला माणूस लावू शकला असता. कायद्याने नैतिकतेची उंची पाचशे रुपये ठरवली. हे कलम आजही पुस्तकात जसेच्या तसे आहे.

मुंबई इलाख्याने १८८७ साली आपला जुगारबंदी कायदा केला. मुंबईत त्या वेळी पावसावर सट्टा चालत असे. पाऊस पडेल की नाही, पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत. पावसावरची पैज हा ‘खेळ’ होतो काय, असा पेच न्यायालयापुढे आला आणि १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पैज लावणे हेही जुगाराच्या व्याख्येत आले. त्याच काळात कापसाच्या भावी दरांवर त्याच शहरात लाखोंचे वायदे होत होते. त्यांतील कितीतरी सौद्यांत कापसाची एक गाठही हलत नव्हती. परंतु त्याला बाजार म्हणत.

पैज गुन्हा झाली खरी, पण पुन्हा घोडा वगळून. मुंबईच्या कायद्यातील व्याख्या आजही अशी आहे : घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा जुगार नाही, मात्र ती शर्यतीच्या दिवशी, परवानाधारक मैदानातील राखून ठेवलेल्या आवारात, परवानाधारक बुकीकडे किंवा टोटलायझरवर लावलेली असावी. या परवान्यांसाठी १९१२ चा स्वतंत्र कायदा आहे. आता महालक्ष्मीच्या मैदानाचा विचार करा. कुंपणाच्या आत तिकीट काढून लावलेली पैज कायदेशीर. कुंपणाबाहेर त्याच घोड्यावर, त्याच क्षणी, पानपट्टीवाल्याजवळ लावलेली पैज गुन्हा. घोडा तोच आहे! माणसाची नीतिमत्ता कुंपणाच्या एका बाजूला शुद्ध आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्ट कशी होते, याचे उत्तर कायदा देत नाही. उत्तर कराच्या वहीत आहे.

गिरणगावातल्या साथींना मटक्याचा इतिहास सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. मटक्याचे मूळ कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे दर तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते दर येणे बंद झाले तेव्हा सट्टेवाल्यांनी स्वतःच आकडे निर्माण केले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा. मातीच्या मडक्यातून चिठ्ठी निघे, म्हणून नाव मटका. वरळी, लालबाग, परळच्या चाळींतून कामगारांचा पैसा नाक्यानाक्यावरच्या आकडेवाल्याकडे जाई. चार आणे, आठ आणे लावणारा गिरणी कामगार पगाराच्या दिवशी व्याजवाल्या पठाणाच्या आणि आकडेवाल्याच्या कचाट्यात एकाच वेळी सापडे.

या काळात कायदा नव्हता असे नाही. कायदा होता आणि त्यात किमान शिक्षेची तरतूदही होती : अड्डा चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांहून कमी नाही. आकडे छापणाऱ्या किंवा वाटणाऱ्या माणसाला वॉरंटाशिवाय पकडण्याचे कलमही होते. तरीही मटका दशकानुदशके उघडपणे चालला, आकडे उघडपणे कळत राहिले. छाप्यात सापडे तो चिठ्ठी लिहिणारा पोरगा आणि पैसे लावणारा कामगार. किमान शिक्षा कागदावर मालकासाठी होती, पोलीस ठाण्याच्या दप्तरात मात्र नोकराच्या नावाने लिहिली जात होती. जास्त शिक्षा म्हणजे जास्त बंदोबस्त, असे समजणाऱ्यांनी मटक्याचा इतिहास एकदा नीट वाचावा. शिक्षा जितकी जबर तितका ती टाळण्याचा दर वाढतो, आणि तो दर देण्याची ऐपत मालकाची असते.

हमालाचे तीन पत्ते, क्लबाची रमी

स्वातंत्र्यानंतर या अधिकाराचे काय झाले? सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत राज्यसूचीतील ‘पैज आणि जुगार’ या नोंदीवर चर्चा झाली. संयुक्त प्रांताचे प्रा. शिब्बनलाल सक्सेना आणि आणखी काही सभासद यांना ही नोंदच घटनेत नको होती. गांधींच्या देशाच्या घटनेत जुगाराला स्थान कशाला, असा त्यांचा भाव होता. डॉ. आंबेडकरांनी त्यांना दाखवून दिले की नोंद काढली म्हणून जुगार नाहीसा होणार नाही. विषय राज्यांच्या यादीतून निघून शेषाधिकाराने केंद्राकडे जाईल आणि राज्ये हात बांधून बसतील. नोंद ठेवली तर राज्याला बंदी घालता येईल किंवा नियंत्रण करता येईल. नोंद राहिली. आज ती चौतिसावी आहे, पैज-जुगारावरील कराची २०१६ पर्यंत बासष्टावी होती, आणि या सूचीतील विषयांच्या कायद्यांविरुद्धचे गुन्हे ठरवण्याची चौसष्टावी आहे. या तीन नोंदी एकत्र वाचाव्यात असे मी प्रत्येक साथीला सुचवीन. बंदी, कर आणि शिक्षा, तिन्ही एकाच हातात होती. एकच राज्य सरकार एका सहीने बंदी घालू शकत होते, दुसऱ्या सहीने कर बसवू शकत होते.

१९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे घटनेने दिलेले व्यापाराचे स्वातंत्र्य त्याला लागू नाही. उत्तम निर्णय. पण ज्यात कौशल्य प्रधान आहे ते जुगारात मोडत नाही, हा दरवाजा उघडाच राहिला. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, ती तीन पत्त्यांसारखी निव्वळ नशिबावर अवलंबून नाही. कायद्याच्या दृष्टीने हा भेद तर्काला धरून आहे, हे मी मान्य करतो. पण समाजाच्या दृष्टीने पाहा : क्लबात बसून पंख्याखाली खेळली जाते ती रमी, गोदामामागे बारदानावर बसून हमाल खेळतात ते तीन पत्ते. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा मोबाईलवरील क्रिकेट-संघ निवडण्याचा खेळ कौशल्याचा मानला. क्लबासाठी उघडलेल्या दारातून कंपनी आत आली, आणि पाहता पाहता क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव झळकू लागले.

त्या गोदामामागच्या हमालांचे काय होते ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. छापा पडतो. पंचनामा होतो : बावन्न पत्ते, इतके रुपये रोख, एक चादर. सर्वांना ठाण्यात नेतात. वकील करायचा तर दोन दिवसांची मजुरी जाते, तारखांना हजर राहायचे तर पाच-सहा दिवसांची. म्हणून माणूस गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, सुटतो. त्याच्या नावापुढे नोंद राहते आणि पुढच्या वेळी तो ‘सराईत’ होतो. पुराव्याचे गृहीतक घटनात्मक आहे की नाही याचा निर्णय लावण्यासाठी तो कधी येथल्या उच्च न्यायालयात येत नाही. लखनौ खंडपीठाची ती प्रशस्त नवी वास्तू याच गोमती नगरात आहे, येथून फार लांब नाही. जुगारासंबंधी ज्या गाजलेल्या निवाड्यांची नावे मी आता घेतली, ते बहुतेक शर्यतीच्या मालकांनी, क्लबांनी आणि कंपन्यांच्या पैशाच्या बळावर लढले गेले.

गोव्याची बोट, सरकारची लॉटरी

सरकारच्या हातातील अधिकार किती लवचिक आहे हे पाहायचे तर गोव्याकडे जावे. १९७६ चा गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा बंदीचाच कायदा आहे. १९९२ साली त्यात १३-अ हे कलम घातले गेले : पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगाराला सरकार परवानगी देऊ शकेल. पुढे १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांत टेबलावरचे खेळही आले. लक्षात घ्या, विधिमंडळाने जुगार कायदेशीर केला नाही. बंदी कायम ठेवून बंदीतून कोणाला सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. मांडवीत नांगरलेल्या त्या झगमगत्या बोटी त्याच एका कलमावर तरंगत आहेत. २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळायला मज्जाव आहे. याचा अर्थ सरकारलाही ठाऊक आहे की हे घर बुडवणारे आहे. फक्त ते घर परप्रांतीयाचे असावे.

महाराष्ट्राची कथा याहून गमतीची. त्याच १९७६ साली कॅसिनो नियंत्रण आणि करविषयक कायदा मुंबईत मंजूर झाला, पण तो अमलात आणल्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तो कायदा पुस्तकात होता आणि नव्हताही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. अर्धशतक एक कायदा सरकारच्या खिशात निवांत पडून राहू शकतो, हे अधिसूचनेच्या अधिकाराचे दुसरे टोक आहे.

आणि लॉटरी. महाराष्ट्र शासनाची लॉटरी १९६९ पासूनची. मडक्यातून निघालेला आकडा गुन्हा, सरकारी ढोलातून निघालेला आकडा विकासनिधी. येथे एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे. देशातील पहिली शासकीय लॉटरी १९६७ साली केरळात सुरू झाली, आणि तेव्हा तेथे ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ होते. तिकीट विकून हजारो गरीब, अपंग माणसे पोट भरतात आणि पैसा सार्वजनिक तिजोरीत जातो, हे तिच्या बाजूचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. तिकीट विकत घेणाराही गरीबच असतो, हे दुसरे म्हणणे आहे आणि तेही खोटे नाही. बाहेरचे लोक आपल्याला हा प्रश्न विचारणारच. तेव्हा त्याचा विचार आपण आधीच करून ठेवावा.

इंग्लंडमध्येही वेगळे घडले नाही. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज घेणे हा गुन्हा केला. कामगार रस्त्यावर पैज लावत असे. धनिक मैदानावर जात असे किंवा उधारीच्या खात्यावर बुकीकडे पैज नोंदवत असे. ते दोन्ही कायदेशीर होते. हा पक्षपात १९६० मध्ये पैजेची दुकाने कायदेशीर करून दूर झाला. म्हणजे समता आली ती बुडण्याच्या समान संधीची!

२०२५ चा कायदा

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. मोबाईल आला आणि अड्डा खिशात गेला. नाक्यावरचा आकडेवाला निदान रात्री घरी जात असे. हा चोवीस तास जागा असतो. पक्के घर बांधण्यासाठी ठेवलेले पैसे, मुलीच्या फीचे पैसे, बँकेचे कर्ज या खेळांत गेल्याच्या आणि त्यापायी जीव दिल्याच्या बातम्या प्रत्येक जिल्ह्यातून येऊ लागल्या. सरकार काय करत होते? कर घेत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसवला गेला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या हातातील मोबाईलवर सभागृहात पत्त्यांचा खेळ दिसल्याची चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बाजूला सारत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. या निवडीतला विनोद बहुधा कोणाच्या लक्षात आला नसावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २० तारखेला विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाले. २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. तीन दिवस. पंचेचाळीस कोटी लोकांचे वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये बुडतात, असा अंदाज सरकारने सांगितला. एवढा मोठा प्रश्न होता तर त्यावर तीन तास चर्चा का होऊ नये?

कायद्यातील एक गोष्ट चांगली आहे आणि ती चांगली म्हणून सांगितली पाहिजे. खेळणारा येथे गुन्हेगार नाही. पैशाचा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा पन्नास लाख, किंवा दोन्ही. पैशाचे व्यवहार पार पाडणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळ पुरवणाऱ्याने दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास कैद किमान तीन वर्षे. कौशल्य की नशीब हा वादही त्याने बाजूला सारला. पैसे लावले की बंदी. १८६७ पासून जे उलटे होते ते निदान एका कायद्यात सुलटे झाले.

पण शिक्षेच्या आकड्यांनी दिपून जाऊ नका. अधिकाऱ्याला कोणत्याही जागेत, मग ती भिंतींची असो की संगणकातील, वॉरंटाशिवाय शिरून झडती घेता येते आणि गुन्हा केलेल्या, करत असलेल्या, इतकेच काय, करण्याच्या बेतात असल्याचा संशय असलेल्या माणसालाही अटक करता येते. आणि कोणता खेळ पैशाचा, कोणता नाही, हे प्राधिकरणाने ठरवायचे आहे. म्हणजे कैदेची मुदत संसदेने लिहिली, पण कैद कशासाठी हे बऱ्याच अंशी कार्यकारी सत्ता लिहिणार. १९५१ मध्ये दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की विधिमंडळाने आपले मूलभूत काम दुसऱ्याच्या हाती सोपवू नये. गुन्ह्याची व्याख्या करणे हे जर मूलभूत काम नसेल तर मग कोणते आहे? त्यातच राज्यसूचीतील चौतिसाव्या नोंदीवर केंद्राने कायदा करावा काय, हाही वाद आहे. त्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांतून स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. त्या कंपन्यांच्या याचिका आहेत, आपल्या नव्हेत. संघराज्याच्या हक्कांबद्दल आपल्याला आस्था आहे, पण ती कंपन्यांच्या वकिलाच्या तोंडून मांडली जाऊ नये एवढे भान ठेवा.

आणि ज्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही ते १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. कलम ११२, किरकोळ संघटित गुन्हा. टोळीचा सभासद म्हणून एकट्याने किंवा मिळून चोरी, हिसकावणे, तिकिटांचा काळाबाजार, अनधिकृत पैज किंवा जुगार ‘किंवा तत्सम कोणतेही कृत्य’ केले तर किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे कैद. ऑनलाइन कंपनीच्या मालकाला पहिल्या गुन्ह्याला कमाल तीन वर्षे आणि किमान काहीच नाही. गोदामामागच्या सहा हमालांना ठाणेदाराने टोळी म्हटले तर किमान एक वर्ष, कमाल सात. सहा माणसे एकत्र बसली तर ती टोळी केव्हा होते? हेही व्यवहारात ठाणेदारच ठरवणार. हे हत्यार उद्या कारखान्याच्या फाटकाबाहेर बसलेल्या कामगारांवर चालणार नाही याची हमी कोण देईल? दुपारच्या सुट्टीत पत्ते कुटणारे कामगार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत आणि त्यांत युनियनचे कार्यकर्तेही असतात.

म्हणून आपली भूमिका सैल नसावी. कामगाराचा पैसा लुटणारा धंदा बंद व्हावा, ही आपली मागणी आहे. ती मालक, भांडवल पुरवणारे, जाहिरातीतून नाव विकणारे तारे आणि संरक्षण देणारे अधिकारी यांच्यावर रोखलेली असावी. खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानण्याचे २०२५ चे तत्त्व नाक्यावरच्या खेळणाऱ्यालाही लागू झाले पाहिजे. मोबाईलवर लाखो हरणारा पीडित आणि बारदानावर शंभर हरणारा आरोपी, हा भेद आपण मान्य करू नये. उलट्या पुराव्याची आणि खबऱ्याच्या बक्षिसाची कलमे राज्य विधिमंडळांनी काढून टाकावीत, यासाठी आपल्या आमदारांनी खासगी विधेयके आणावीत. कलम ११२ मधील ‘तत्सम’ हा शब्द जाईपर्यंत त्याविरुद्ध बोलत राहावे. आणि या धंद्यातून आजवर गोळा केलेल्या कराचा काही हिस्सा कर्जात बुडालेल्या कुटुंबांकडे परत यावा. शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, कारण पैसा तिजोरीत गेला की तो कुठून आला हे तिजोरी विसरते.

भाषणाआधी एका साथीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की दिवाळीत येथे घरोघरी पत्ते खेळतात, आपल्या खोलीवरही खेळतात. पोलीस आले तर काय? १८६७ च्या कायद्याप्रमाणे घर अड्डा ठरते ते घरमालक किंवा चालवणारा तेथल्या खेळातून फायदा घेत असेल तेव्हा. उत्तरेत याला नाल म्हणतात : प्रत्येक डावातून घरवाल्याने काढलेला वाटा. नाल नसेल तर चार मित्र स्वतःच्या खोलीत खेळले म्हणून ती खोली अड्डा होत नाही. पण पत्ते सापडले की सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते, हेही विसरू नका. अशा वेळी कोऱ्या कागदावर सही करू नका, पंचनाम्याची प्रत मागा, मुद्देमालात जप्त झालेली रक्कम मोजून घ्या आणि लगेच युनियनच्या वकिलाला कळवा. गुन्हा कबूल करून मोकळे होण्याचा सल्ला ठाण्यातला कोणी देईल. तो वकिलाशी बोलल्याखेरीज मानू नका.